माळ्यावरची माशांची टाकी खाली काढताय? दोन फुटी वनस्पती-टाकी नव्याने लावण्याची पूर्ण कृती

निळी खडी, प्लास्टिकची झाडं, खडीखाली जाळीचा फिल्टर, बुडबुडे सोडत उघडमीट करणारा शिंपला आणि त्यात दोन गोल्डफिश. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बहुतेक घरांतली टाकी अशीच असायची. महिन्यातून एकदा सगळं पाणी उपसायचं, खडी घासून धुवायची, पुन्हा भरायचं. चार दिवसांत एखादा मासा उलटा व्हायचा. असं दोन-तीनदा झालं की टाकी माळ्यावर जायची, आणि घरात कायमचं ठरून जायचं की आपल्याला मासे लाभत नाहीत.

लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नव्हता. माशांच्या मूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढतात, आणि पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. आपण पहिल्याच दिवशी मासे सोडायचो आणि दर महिन्याला ते जिवाणूही धुऊन टाकायचो. म्हणून या वेळी क्रम पक्का धरा: आधी रोपं, मग जिवाणू, सगळ्यात शेवटी मासे. आणि प्रकाश देताना हात कायम आखडता.

खालची सगळी मापं २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच टाकीची आहेत. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ७० लिटर पाणी बसतं. माती-वाळूचा थर आणि वरची इंचभर मोकळी जागा सोडली तर खरं पाणी उरतं ५५ लिटर. औषध असो वा खत, हिशोब ५५ चा करायचा. ७० धरून औषध टाकणं ही फार जुनी चूक आहे.

आधी जमवून ठेवायचं साहित्य

- तासाला ३०० लिटरच्या आसपास पाणी फिरवणारा फिल्टर (टाकीच्या काठावर टांगायचा किंवा आत बसणारा), नाहीतर हवेच्या पंपावर चालणारा मोठा स्पंज फिल्टर
- ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) एलईडी दिवा आणि भिंतीतल्या सॉकेटला लागणारा टायमर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजायचे थेंबांचे टेस्ट किट
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, १० मिलीची सिरिंज
- सायफनची नळी, फक्त टाकीसाठी राखलेल्या दोन बालद्या (साबणाचा हात कधीही न लागलेल्या)
- लांब चिमटा, लांब कात्री, थर्मामीटर
- बागेची माती, गांडूळखत, चाळलेली वाळू
- बॅटरीवर चालणारा हवेचा पंप
- रोपं, आणि तीही भरपूर

टेस्ट किट महाग वाटतं म्हणून लोक ते सोडून टीडीएस पेन घेतात. टीडीएस पेन पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो. त्यात विषारी अमोनिया किती आणि निरुपद्रवी चुना किती, हे त्याला कळत नाही. एकच वस्तू घेणं शक्य असेल तर अमोनियाचं किट घ्या.

## १. जुनी टाकी तपासा

माळ्यावर वर्षानुवर्षं उन्हाळे सोसलेलं सिलिकॉन कडक होतं आणि काचेपासून सुटायला लागतं. आतल्या कोपऱ्यांतली रेघ नखाने दाबून पाहा. ती मऊ रबरासारखी लागली पाहिजे. टाकी बाथरूममध्ये किंवा गच्चीवर सपाट फळीवर ठेवा, चारही कडांखाली वर्तमानपत्र पसरा, काठापासून इंचभर खाली पाणी भरा आणि ४८ तास थांबा. गळती बारीक असेल तर थेंब दिसत नाही, पण कागद ओला होतो.

गळत असेल तर वरून सिलिकॉनचं बोट फिरवून भागत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्याला चिकटत नाही. आतली रेघ ब्लेडने पूर्ण खरवडा, काच स्पिरिटने पुसा आणि कोरड्या काचेवर नवी रेघ ओढा. ट्यूब साध्या काचेच्या कामाची हवी, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारी. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं रसायन असतं, ते टाकीत नको. आठवडाभर वाळू द्या, मग पुन्हा ४८ तासांची परीक्षा.

काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. भांड्यांचा साबण लावू नका. जुना हीटर आधी बालदीत चालवून बघा. जुनी औषधं, जुनं खाद्य आणि फिल्टरमधला जुना कोळसा सरळ टाकून द्या. खडीखालची जाळीही नको: तिच्यावर माती घातली तर जाळी तुंबते आणि माती पाण्यात उपसली जाते.

## २. जागा

भरलेली टाकी सुमारे ९० किलोची होते. शोकेसच्या काचेच्या फळीवर किंवा टीव्हीच्या हलक्या स्टँडवर ती ठेवायची नाही. १८ मिमी प्लाय किंवा लोखंडी अँगलचा स्टँड, त्यावर थर्माकोलचा सलग तुकडा, त्यावर टाकी. थर्माकोल फळीतला बारीक उंचसखलपणा सामावून घेतो, नाहीतर तळाच्या काचेवर एकाच ठिकाणी ताण येऊन ती तडकते.

खिडकीतलं थेट ऊन टाकीवर दिवसातून तासभरही पडता कामा नये. सॉकेट टाकीच्या पातळीवर असेल तर वायर आधी खाली झोल देऊन मग सॉकेटला न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. सॉकेटला अर्थिंग हवंच, आणि घराच्या बोर्डात ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि पंप बंद करायची सवय लावा.

## ३. तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं?

मुंबईला भातसा-तानसा-वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. धरणाचं हे पाणी बहुतेक रोपांना आणि छोट्या माशांना चालून जातं. खरी पंचाईत बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याने होते. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर यायला लागले की पाण्याचा जडपणा एका आठवड्यात बदलतो, आणि वर्षभर नीट असलेल्या टाकीत अचानक मासे दबून बसतात. अशा काळात टीडीएस पेन उपयोगी पडतो: बालदीतल्या पाण्याचा आकडा नेहमीपेक्षा दुप्पट दिसला तर त्या दिवशी थोडंच पाणी बदला.

बोअरचं पाणी फार जड असेल तर ते आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. निव्वळ आरओचं पाणी वापरू नका. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, पीएच सांभाळणारे कार्बोनेटही नसतात. आरओच्या बाहेर टाकायच्या नळीचं पाणी वाया जातं म्हणून टाकीत ओतणं तर अगदीच उलटं काम, कारण सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात. सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आलेलं पाणीही रोपांच्या कामाचं नाही. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. हवेचा पंप लावून बालदी २४ तास ठेवली तर ते उडून जातं. तेवढा वेळ नसेल तर दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा. फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे, तेच हे. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर या द्रावणाचा १ मिली सुमारे १३ लिटरना पुरतो. पावसाळ्यात पालिका क्लोरीनची मात्रा वाढवते, तेव्हा दुप्पट घाला. एवढ्याने माशांना अपाय होत नाही.

## ४. तळ: माती, वाळू, दगड

दुकानात टाकीसाठी भाजलेल्या मातीचे दाणे मिळतात. ते चांगले असतात पण महाग. घरगुती पद्धत तितकीच चालते, फक्त घाई करायची नाही.

बागेतली साधी, रासायनिक खत न घातलेली माती साडेतीन लिटर आणि गांडूळखत १ लिटर घ्या. बालदीत भरपूर पाण्यात ढवळा, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाका, पाणी ओता, पुन्हा भरा. चार-पाच दिवस रोज एकदा असं केलं की सुटा अमोनिया आणि रंग बराच निघून जातो. चिकट काळी माती घेऊ नका. ती फुगते, आणि नंतर एक रोप जरी उपटलं तरी टाकीभर गढूळ लोट उठतो. कोकणातली तांबडी माती मूठभर मिसळली तर रोपांना लोह मिळतं. सगळा थर मात्र तिचा नको. गांडूळखताचं प्रमाण वाढवलं तर वाढ जोरात होईल असं वाटतं. प्रत्यक्षात अमोनिया महिनाभर उतरत नाही आणि तळात कुजून बुडबुडे येतात.

मातीचा थर २.५ सेंमी. समोरच्या काचेपासून पाच सेंमी पट्टा मातीविना ठेवला तर समोरून फक्त वाळू दिसते. त्यावर ४ सेंमी वाळू, म्हणजे ११-१२ किलो, १ ते २ मिमी दाण्याची, पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पाणी जड करत राहतो. वाळूवर आणि दगडांवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट टाकीला उत्तम, पण त्याच्या पोकळ्यांत चमकणारे पांढरे स्फटिक असतील तर तेही तपासा, ते कॅल्साइट असू शकतात. संगमरवर, शंख, पोवळं काहीही नको.

टाकीत ठेवायचं लाकूड तासभर उकळा आणि बुडेपर्यंत भिजत ठेवा. सुरुवातीला पाणी चहासारखं होतं. माशांना त्याचा त्रास नाही, दिसायला नको असेल तर पाणी बदलत राहा.

वाळूवर ताटली ठेवा आणि तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडा. ही ताटली विसरलात तर माती वर येते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. आधी फक्त १० सेंमी पाणी भरा. लावणी कमी पाण्यात सोपी जाते.

## ५. रोपं: पहिल्याच दिवशी, दाट

नव्याने सुरू करणारे पाच-सहा रोपं आणतात आणि ‘वाढतील हळूहळू’ म्हणतात. रोपांच्या आधी शेवाळ वाढतं. पहिल्या दिवशी तळाचा निदान ७० टक्के भाग झाकला गेला पाहिजे. या टाकीला एवढं लागेल:

मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाची १० रोपं आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्माच्या १५ कांड्या. मध्ये बॅकोपाच्या १० कांड्या आणि क्रिप्टोकोरिनची ५-६ रोपं. लाकडावर दोन जावा फर्न, दगडावर दोन अनुबियास. वर तरंगता वॉटर स्प्राइट किंवा हॉर्नवर्टचा मोठा झुबका. हा झुबका पहिल्या दोन महिन्यांचा खरा कामकरी आहे. तो पाण्यातला अमोनिया थेट शोषतो आणि खाली सावलीही धरतो. सगळं स्थिरावलं की कमी करा.

बॅकोपा मोनिएरी म्हणजे आपली नीरब्राह्मी. नर्सरीत ब्राह्मी मागितली की अनेकदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात ठेवतात, ती टाकीसाठी नाही. टाकीच्या दुकानातही लकी बांबू, सिंगोनियम अशी जमिनीवरची रोपं ‘वॉटर प्लांट’ म्हणून विकली जातात. पूर्ण बुडवली की ती महिना-दोन महिन्यांत कुजतात आणि जाताना अमोनिया सोडून जातात. जाड, मेणचट, पाण्याबाहेरही ताठ उभं राहणारं पान दिसलं की विचारून घ्या. अनुबियास एवढा त्याला अपवाद.

गोगलगायी नको असतील तर लावण्याआधी रोपं तुरटीच्या पाण्यात (लिटरला १० ग्रॅम) दोन-तीन तास ठेवून स्वच्छ धुवा. अंडी त्यातूनही वाचू शकतात. पानांखाली जेलीसारखे ठिपके दिसले तर नखाने काढा.

कांडीची खालच्या ४-५ सेंमीवरची पानं खुडून एकेक कांडी चिमट्याने तिरकी खोचा, दोन कांड्यांत २ सेंमी अंतर ठेवून. सगळी जुडी एकत्र खोचली तर मधल्या कांड्या सडतात. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही. काळ्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. पुरलं की खोड कुजतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्रिप्टोकोरिनची सगळी पानं वितळल्यासारखी गळतील. बाजारात येणारी पुष्कळ रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. त्यांची जुनी पानं जातात आणि पाण्याखालची नवी येतात. मुळं उपटू नका, कुजलेली पानं तेवढी कापून काढा.

## ६. प्रकाश

टाकी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण जास्तीचा प्रकाश आहे, आणि तो सगळे प्रेमापोटी देतात. पाहुणे आले, लावा दिवा. रात्री जेवताना बरं दिसतं, राहू दे.

या टाकीला सोपी रोपं वाढवायला लिटरला २० ते ३५ ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप, खोक्यावर छापलेलं असतं) पुरतात. घरात लावतात ती दोन फुटी, १० वॉटची, ६५०० केल्विनची एलईडी बॅटन साधारण १००० ल्युमेन देते. एक लावली तर सावलीतली रोपं वाढतात, दोन लावल्या तर वर सांगितलेली सगळी. वर काचेचं झाकण ठेवा, बॅटनवर पाण्याचे शिंतोडे उडायला नकोत. नक्षीदार रंगांचे टाकीचे दिवे घ्यायलाच हवेत असं नाही.

टायमरवर पहिला महिना रोज ६ तास. नवी पानं येऊ लागली आणि काच स्वच्छ राहिली तर ७. आठच्या पुढे जाऊ नका. घरचे संध्याकाळी टाकी बघणार असतील तर दिवा दुपारी ३ ला सुरू करून रात्री ९ ला बंद करा.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पहिल्या सहा महिन्यांत आणू नका. तो रोपांची भूक वाढवतो, मग खत आणि प्रकाश दोन्ही नेमके लागतात. एक चुकलं की शेवाळ, आणि गॅस जास्त झाला की मासे पाण्याच्या वर तोंड काढतात. आणि ‘लिक्विड कार्बन’च्या बाटल्यांतलं ग्लुटराल्डिहाइड व्हॅलिस्नेरियाला मारतं.

## ७. सहा आठवडे, माशांविना

फिल्टर पहिल्या दिवसापासून अखंड चालू. एखाद्या ओळखीच्या, रोगमुक्त टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, कालावधी निम्म्यावर येऊ शकतो. आणताना तो ओला आणि हवेशीर राहू द्या.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड निम्मं पाणी बदला, नव्या मातीतून बरंच काही सुटत असतं. दुसऱ्या आठवड्यापासून दर तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि वहीत लिहा. मातीतूनच लिटरला १-२ मिलिग्रॅम अमोनिया दिसत असेल तर वरून काही घालायचं नाही. शून्य दिसत असेल तर जिवाणूंना खायला घालावं लागेल. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरा: ५५ लिटरमध्ये ०.३५ ग्रॅम घातलं की लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच, पण बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते. रसायनांच्या दुकानातून शुद्ध पुडी घ्या.

आधी अमोनिया खाली येईल, नायट्राइट वर चढेल, मग नायट्राइट उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. ०.३५ ग्रॅमची मात्रा घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, की टाकी तयार. सगळं मध्येच अडकलं तर पीएच बघा. मऊ पाण्यात कार्बोनेट संपून पीएच ६.५ च्या खाली जातो आणि जिवाणू मंदावतात. खाण्याचा सोडा दीड ग्रॅम, म्हणजे केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) जेमतेम एका अंशाने वाढेल, आणि काम पुन्हा सुरू होईल.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ बसते. ते डायटम शेवाळ. पुसा आणि सोडून द्या, ते आपोआप जातं. याच वेळी लोक घाबरून सगळी टाकी धुतात आणि पुन्हा पहिल्या दिवसावर येतात.

## ८. मासे

पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगवा. मग दर पाच मिनिटांनी पिशवीत अर्धी वाटी टाकीचं पाणी, सहा-सात वेळा. मासे जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून आणलेले मासे थेट मुख्य टाकीत न सोडता २०-३० लिटरच्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणं सगळ्यात चांगलं. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार अशा वेळी टबातच निघतो, आणि टबात औषध घालताना रोपांची चिंता नसते.

५५ लिटरमध्ये एवढं पुरे: ८ ते १० हार्लेक्विन रास्बोरा किंवा कार्डिनल टेट्रा, एक हनी गोरामी, आणि वाळू मऊ असेल तर तळाला ६ कोरीडोरास. आधी थवा, मग १०-१५ दिवसांनी मोजमाप करून बाकीचे. निऑन टेट्राला २६ अंशांच्या आतलं पाणी मानवतं. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात तो टिकवणं फार कठीण, तिथे कार्डिनल बरा. कोरीडोरासमध्ये उष्णता सोसणारा स्टर्बाई. आपल्याकडचा झेब्रा डॅनियो कुठल्याही पाण्याला पुरून उरतो.

गोल्डफिश या टाकीत नको: रोपं खातो, वाळू उकरतो, घाण खूप करतो आणि दोन फुटांत मावत नाही. ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर बोटाएवढा येतो आणि फुटापलीकडे वाढतो. सह्याद्रीतला डेनिसन बार्ब सुंदर आहे, पण तो थव्याने राहणारा, वीतभर होणारा मासा, त्याला चार फुटी टाकी लागते. नैसर्गिक ओढ्यांतून पकडून त्याची संख्या घटलेली असल्याने घेताना तो पैदास केलेलाच आहे याची खात्री करा. इंजेक्शनने रंगवलेले मासे कोणी कितीही स्वस्त देत असलं तरी घेऊ नका.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढं. आठवड्यातून एक दिवस उपास.

## ९. खत: कृषी सेवा केंद्रातलं

मासे थोडे आणि रोपं दाट असली की दोन-तीन महिन्यांनी नायट्रेट शून्य दिसू लागतं. जुनी पानं पिवळी पडतात आणि पानांत सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. टाकीच्या खतांच्या बाटल्यांत जे असतं त्यातलं बरंचसं द्राक्षबागाईतदाराच्या गोठ्यात पडलेलं असतं: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ठिबकसाठीची, पूर्ण विरघळणारी प्रत घ्या.

१३:०:४५ चे १० ग्रॅम आणि ०:५२:३४ चा १ ग्रॅम, ५०० मिली शुद्ध पाण्यात. या द्रावणाचे २५ मिली आठवड्याला, दोन वेळांत विभागून. ५५ लिटरमध्ये यातून लिटरला साधारण साडेपाच मिलिग्रॅम नायट्रेट आणि अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडं वर फॉस्फेट मिळतं. नायट्रेट १० ते २० च्या दरम्यान ठेवायचं आहे. आधीच २० च्या वर असेल तर खत बंद.

१९:१९:१९ चुकूनही घालू नका. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियम रूपात असतो, आणि तो रात्रीत मासे मारू शकतो. शेतीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही टाळा, त्यातलं तांबं कोळंबीला आणि गोगलगायींना घातक ठरतं. लोह आणि सूक्ष्म द्रव्यं टाकीसाठीचीच घ्या.

## १०. दर आठवड्याची अर्ध्या तासाची कामं

१५ लिटर पाणी सायफनने काढा आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी भरा. वाळू वरवर साफ करा, नळी खोल खुपसली तर माती उपसेल. काढलेलं पाणी कुंड्यांना उत्तम, फक्त त्या आठवड्यात मीठ किंवा औषध घातलेलं नको. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात. फिल्टरमधला स्पंज दर महिन्याला बदला असं पाकिटावर छापलेलं असतं. फाटेपर्यंत तोच वापरा.

पाणी बदलायला दोन आठवडे जमलं नाही तर नंतर एकदम सगळं बदलू नका. पीएच ८ च्या आसपास असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग सुमारे ५ टक्के असतो, पीएच ७ ला तो १ टक्क्याहूनही कमी. आम्ल झालेल्या दुर्लक्षित टाकीत साठलेला अमोनिया निभावून गेलेला असतो, आणि तुम्ही चांगल्या मनाने जड, ताजं पाणी भरताच तोच विषारी होतो. रोज १० टक्के, असं आठवडाभर करा.

शेवाळ दिसलं तर औषधाआधी टायमर बघा. हिरवे धागे: प्रकाश तासाने कमी, धागे टूथब्रशवर गुंडाळून काढा. पानांच्या कडांवर काळी दाढी: ती पानं कापा, लाकडावरच्या दाढीवर फिल्टर बंद करून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने सोडा, एकूण १५ मिलीच्या आत, १५ मिनिटांनी फिल्टर सुरू. वाळूवर निळसर हिरवी, घाण वासाची साय: ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. सायफनने ओढून काढा, टाकी चार दिवस चादरीने पूर्ण झाका, हवा चालू ठेवा.

## ११. उन्हाळा, वीज आणि गणपतीची सुट्टी

२० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मासे पहाटे वर तोंड काढत असतील तर कारण बहुधा हेच, कारण रात्री रोपंही प्राणवायू वापरतात. झाकण काढा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, रात्री हवेचा पंप चालू ठेवा. कोरड्या हवेत पंख्याने पाणी २ ते ४ अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढं नाही, तिथे दिव्याचे तास कमी करा आणि खाणं अर्ध्यावर आणा. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी रोज भरा. या कामापुरतं आरओचं पाणी योग्य, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात. पुणे-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांच्या खाली जातं, तेव्हा ५० ते ७५ वॉटचा हीटर लागतो. किनारपट्टीवर सहसा लागत नाही.

वीज तीन-चार तासांहून जास्त गेली तर बॅटरीचा पंप लावा, आणि बंद डब्याचा फिल्टर पुन्हा सुरू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी ओतून टाका. त्यात प्राणवायू संपून कुजलेलं पाणी असतं, ते टाकीत आलं तर मासे दगावतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकेरी झडप बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

गणपतीला आठवडाभर गावी जायचं असेल तर मोठ्या, धडधाकट माशांना काही खायला घालण्याची गरज नाही. दिवा टायमरवर ५ तास, जाण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदल, बस. शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊन जाऊ नका. ते मायेने मूठभर टाकतात. द्यायचंच असेल तर दिवसाची चिमूट वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा.

सुट्टीहून परतल्यावर रोपांची छाटणी बरीच निघेल. कापलेल्या कांड्या आणि तरंगत्या रोपांचे झुबके उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या खतात घाला किंवा ओळखीतल्या कोणाला द्या. नाल्यात, विहिरीत, नदीत नाही. जलपर्णीही या देशात शोभेचं रोप म्हणूनच आली होती, आणि टाकीत मावेनासा झाला म्हणून सोडलेला सकर आज कित्येक नद्या-तलावांत मच्छीमारांची जाळी फाडतो. नको असलेला मासा दुकानात परत द्या. बहुतेक दुकानदार घेतात.